सोडलेली मालिका

गेल्या महिन्यात एका सकाळी दोरीवरनं अन्वीचा पांढरा फ्रॉक काढाय गेले तर त्याच्यावर काळं काळं कायतरी दिसलं, बोटानं पुसलं तर आणिकच पसरलं. काजळी. म्हंजे कारखाना सुरू झाला. आमच्या कोडोलीत हंगाम आला हे वाळत घातलेली कापडंच सांगत्यात. मग रस्त्यानं उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टरवर मोठ्यानं लावलेली गाणी, चाकाखाली चेंगरलेल्या कांड्यांचा गोड आंबूस वास, आणि सांजंला तुटलेल्या उसाच्या रानात पेटवलेला वाळका पाला, पाचट. त्या जाळाचा वास लोकास्नी आवडतोय. मला बी आवडायचा. आता तो वास आला की मी पहिली खिडकी लावती आणि मग अन्वीच्या छातीला कान लावती.

अन्वी माझी लेक, बालवाडीत जाती. हंगाम आला, हवेत धूर बसला, की तिला दम लागतोय. दम लागला की दोन शब्द बोलती, थांबती, श्वास घेती, मग पुढचं दोन शब्द. "आई, मला... दूध नको... चहा दे." ती थांबली की मी बी थांबती. हातात लाटणं असू दे न्हायतर शेणाची पाटी, तिचा पुढचा शब्द येईपर्यंत माझा हात हलत न्हाय.

हंगाम म्हटलं की दुसऱ्यास्नी ऊस आठवतोय, मला टीव्हीवरची एक मालिका आठवती. हसायची मालिका. तिचं नाव मी घेत न्हाय, जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत न्हवत्या तसं. का घेत न्हाय ते सांगती, पण मला वळीनं सांगाय येत न्हाय, नववीतनं शाळा सुटली माझी, एक सांगाय गेलं की दुसरंच आधी तोंडात येतंय.

माझं माहेर गडहिंग्लजकडं, पार कर्नाटकाच्या हद्दीजवळ, तिकडं आम्ही आईला अव्वा म्हणतो आणि वडलास्नी अप्पा. अप्पा गुऱ्हाळावर गुळव्या. उकळत्या रसाकडं बघून, आता उतरा, आता न्हाय, असं सांगायचं काम. दिवसभर रसाच्या काईलीपाशी उभं राहून तोंड तांबडंलाल झालेलं असायचं आणि बोलणं तर न्हाईच. आम्ही बहिणी त्यांच्या समोरनं जाताना हातातल्या बांगड्या धरून जायचो, वाजाय नकोत म्हणून. सांजंला ते यायचे, पाय धुवायचे, भिंतीला टेकून बसायचे, आणि ती मालिका लागली की माणूसच बदलायचा.

त्यात एक टेलरमास्तर हाय. लई लाजरा. बायकांची मापं घ्यायला टेप लावायची लाज वाटती म्हणून दारातनंच नजरेनं अंदाज घेतोय आणि पाठ फिरवून कापड कापतोय. त्यामुळं प्रत्येक ब्लाउज चुकतंय, आणि चुकलेलं प्रत्येक ब्लाउज बरोब्बर त्याच्या सासूच्या अंगाला बसतंय. मग ती सासू जावयाचं घर सोडून जातीय कशाला? साऱ्या गावातल्या बायकांची ब्लाउजं घालून त्यांच्याच दारावरनं मिरवत फिरती. एवढंच हाय त्यात. शिकलेलं माणूस म्हणंल, ह्यात हसण्यासारखं काय हाय? पण अप्पा हसायचे. आवाज न्हाय. नुस्तं खांदं हलायचं, डोळ्यातनं पाणी यायचं, टॉवेलाचं टोक तोंडात धरायचे. अव्वा चुलीपास्नं वरडायची, "ह्यास्नी धरा गं कोणतरी, न्हाईतर फुटतील!" आणि अप्पा हसत हसतच हातानं तिला गप बस म्हणून खुणवायचे, पुढचं ऐकू येत न्हाय म्हणून.

एकदा मी दारातच उभी राहून बघत हुते. अप्पांनी शेजारच्या जागेवर हात आपटला आणि म्हणाले, "बस की हितं. तिथनं काय दिसतंय तुला?" बास, एवढंच. पण माझ्या साऱ्या लहानपणात अप्पांनी लाडानं बोललेलं म्हणून मला तेवढंच आठवतंय. त्यांच्या अंगाला गुळाचा वास, टीव्हीचा निळा उजेड, आणि माझ्या खांद्याला लागून हलणारा त्यांचा खांदा. हसणाऱ्या माणसाची भीती वाटत न्हाय, हे मला तवा कळलं. मला तशी सगळ्याचीच भीती वाटायची. गुरांची, मास्तरांची, ढगांची. त्या मालिकेपुरती वाटायची न्हाय.

लगीन होऊन कोडोलीत आले तवा तर भीती आणिकच वाढली. पहिल्याच सांजंला भाकरी थापत हुते, पीठ हाताला चिकटत हुतं, आणि बाहीरच्या खोलीतनं त्या मालिकेचं सुरवातीचं गाणं आलं. माझा हात तसाच ऱ्हायला. तव्यावरची भाकरी करपली. माझ्या सासू आत आल्या. मी त्यास्नी आत्याबाई म्हणती. मला वाटलं, झालं, आता बोलणी बसणार. त्यांनी तव्याकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं.

"बघतीस व्हय तू बी?"

मी नुस्ती मान हलवली.

"मग ती म्हशीला घाल आणि बाहीर ये. मास्तर आलाय."

आत्याबाई टीव्ही बघत न्हाईत, टीव्हीसंगं भांडत्यात. "अगं भवाने, ते ब्लाउज सरपंचाच्या बायकूचं हाय, काढ आधी!" "अरं टेप लाव की मर्दा, ती काय खातीया व्हय तुला?" एकदा मी लग्नातलं ब्लाउज घातलेलं, दंडात काचत हुतं, तर मला म्हणाल्या, "काय गं, मास्तराकडनं शिवून आणलंस?" आणि आम्ही दोघी अशा हसलो की मामंजी चिलीम टाकून बघाय आले. दुसरं आमचं काय बोलणं न्हवतं तवा. मीठ कमी, पाणी आण, वैरण टाक. पण मालिका संपल्यावर दोघी भांडी घासाय बसलो की मास्तरनं काय केलं आणि सासूनं काय केलं ह्यावर बोलत बोलत सगळी भांडी कवा संपायची कळायचं न्हाय. त्या घरात माझी जागा त्या मालिकेनं करून दिली, असं मी म्हणती.

मग अन्वी पोटात आली. पहिलं बाळंतपण माहेरात, ही रीत. मला न्यायचं ठरलेलं. पण हंगाम हुता. आमच्या ह्यांचा, म्हंजे माझ्या मालकांचा, ट्रॅक्टर ऊस ओढायला लागलेला, तिकडं अप्पांचं गुऱ्हाळ पेटलेलं, ह्या आठवड्याला नेतो, पुढच्या आठवड्याला नेतो, असं म्हणता म्हणता दिवस भरायच्या कितीतरी आधी मला गोठ्यातच कळा सुरू झाल्या. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या एका दवाखान्यात नेलं. सिझर झालं. पोर रडली न्हाय. कोणतरी म्हणालं मुलगी हाय, आणि तिला घेऊन पळत गेली माणसं.

तिला काचेच्या पेटीत ठेवली. मी बाहीरनं बघायची. चिमणीएवढी छाती, वर खाली, वर खाली, आणि मधीच थांबायची. थांबली की पेटी वाजायची. मग नर्सबाई यायची, तिच्या तळपायाला बोटानं टिचकी मारायची, की परत वर खाली. नर्सबाई म्हणाली, "लवकर आलेली बाळं श्वास घ्यायची विसरतात, आठवण करून द्यायला लागते." माझ्या डोक्यात तेच बसलं. ही विसरती. कोणतरी सारखी आठवण करून द्याय पायजे. आणि आपण काचेच्या बाहीर.

एका सांजंला मी पोटाचं टाकं एका हातानं धरून, दुसऱ्या हातानं भिंत धरून तिच्याकडं चालले हुते. मधी नातेवाईकास्नी बसायची जागा हुती, तिथं वर टीव्ही, आवाज बंद. सगळी माणसं माना वर करून बघत बसलेली, कुणाचं ध्यान न्हाय, नुस्तं बघायचं म्हणून. आणि वर आमचा मास्तर. ब्लाउज पाठीमागं लपवून उलटा उलटा चाललाय, आणि मागनं सासू यायलीय. आवाज न्हवता तरी मला आता काय हुणार ते ठाव. मला हसू आलं. खरंच आलं. टाक्यातनं कळ गेली तरी हसू थांबंना. आणि तेवढ्यात आत पेटी वाजली.

आत पेट्या बऱ्याच हुत्या. कुणाची वाजली मला ठाव न्हाय, आजपतोर ठाव न्हाय. पण मला वाटलं, माझीच. मी हसले म्हणून. तिथंच भिंतीला कपाळ लावलं आणि म्हटलं, "आई अंबाबाई, हिला श्वास दे. मी ही मालिका सोडली."

आमच्याकडं असं सोडत्यात माणसं. कुणी वांगं सोडतंय, कुणी भात, कुणी पायातलं पायताण. आत्याबाईनी ह्यांच्या लहानपणच्या दुखण्यात गूळ सोडलेला, कोल्हापुरात ऱ्हाऊन गूळ. पण सोडायची बी एक रीत असती. कुणीतरी जाणतं माणूस समोर बसून तुमच्याकडनं म्हणवून घेतंय, अमुक हुईपर्यंत. पोर आपल्या पायानं जोतिबाचा डोंगर चढंपर्यंत. न्हाईतर जावळ काढंपर्यंत. मुदत घालायची. मुदत भरली की देवाला जाऊन, नारळ ठेवून, सोडवून घ्यायचं. मी एकटी हुते, भ्यालेली हुते. जेवढं तोंडात आलं तेवढं बोलले. मुदत घातलीच न्हाय.

अन्वी जगली. तिला घेऊन घरी आलो, ओवाळून आत घेतलं. सांजंला बाहीर गाणं लागलं तशी मी पोरीला उचलून आत निघाले.

"कुठं चाललीस?" आत्याबाई म्हणाल्या. "लागलं की."

मी सांगितलं. आत्याबाईनी टीव्हीचा आवाज बारीक केला. "कवापर्यंत सोडलीस?"

"तसं म्हटलं न्हाय."

"म्हंजे?"

"नुस्तं सोडली म्हटलं."

हे कोपऱ्यात जेवत हुते, ते हसले. "अगं, देवीला मालिका काय करायची? वांगं तरी सोडायचं हुतंस."

"गप रे," आत्याबाई त्यांच्यावर वरडल्या. "तुझ्यासाठनं गूळ सोडलेली बाई हाय मी, मला शिकवू नको." मग माझ्याकडं वळल्या. "अगं खुळे, मुदत न्हाय घातलीस म्हंजे जलमभर गं!" माझं तोंड बघून त्यांस्नी काय वाटलं कुणास ठाव, जवळ आल्या, अन्वीच्या तोंडावरचं फडकं सारखं केलं. "बरं झालं, नवरा सोडला म्हणाली न्हाईस. ह्याला मी जलमभर कुठं ठेवला असता?"

दुसऱ्या दिवशी धार काढताना त्या मला काल मास्तरनं काय केलं ते सांगाय लागल्या. मी कानावर हात ठेवलं. "नको आत्याबाई, मोडंल."

त्यांनी चरवी खाली ठेवली आणि वकिलागत विचार केला. "हे बघ. तू बघायची सोडलीस. आवाज आपल्या पायानं सैपाकघरात येतोय, त्याला तू काय करणार?"

त्या दिवसापास्नं आमच्या टीव्हीचा आवाज शेजारच्या गल्लीत जातोय.

तवापास्नं माझी मालिका नुस्ती आवाजाची. भाकरीवर हात पडतोय, तवा चरचरतोय, म्हैस साखळी वाजवती, आणि पत्र्याच्या आडोशामागनं मास्तर खाकरतोय. त्याच्या खाकरण्यावरनं मला कळतंय तो आता खोटं बोलणार. कात्रीच्या आवाजावरनं कळतंय ब्लाउज चुकणार. मधी एक नवीन बाई आली मालिकेत, मास्तरच्या शेजारी ऱ्हायला. बारीक आवाज, नाकातनं बोलायची. मी मनातल्या मनात तिला काडीसारखी केली, दोन वेण्या घातल्या, हातात कायम डबा दिला. समोर बसून बघत हुते तवा सुद्धा मी त्यांच्यावर एवढी माया केली न्हवती. आपल्याच घरात बाहीरच्या खोलीत आपली माणसं आल्यात आणि आपण आत चुलीपाशी, असं वाटायचं. पर म्हटलं, असू दे. तिकडं ती हसत्यात, हितं ही श्वास घेतीया. देवीनं तिचं पाळलंय, आपण आपलं पाळावं.

कवातरी मी अप्पास्नी फोन करती. "अप्पा, बघताय काय?"

"व्हय की."

"मास्तर म्हातारा दिसतोय काय?"

"दिसतोय वाईच. केस काळं करतोय ते कळतंय." मग गप. त्या गपमधी ते हसत असत्यात का ते फोनवरनं कळत न्हाय, त्यांच्या हसण्याला आवाजच न्हाय.

अन्वी पायानं डोंगर चढली, जावळ झालं, बालवाडीत गेली. प्रत्येक वेळी मला वाटायचं, आता सोडवून घ्यावं. अंबाबाईच्या देवळात जाऊन उभी ऱ्हायची आणि तोंड उघडायचं न्हाय. कारण प्रत्येक हंगामाला तिला दम लागायचाच. आणि मी श्वास मागितला हुता. श्वासाला मुदत कशी घालायची? अमुक दिवसापतोर श्वास दे, असं कुठली आई म्हणंल?

औंदा दम जादाच वाढला. राजारामपुरीत डॉक्टरबाईकडं नेलं. त्यांनी छाती तपासली, वाफेचं मशीन दिलं, मास्क तिच्या तोंडाला लावून दाखवला. "सकाळ-संध्याकाळ वाफ द्यायची, आई. आणि वाफ चालू असताना तुमचे डोळे हिच्या बरगड्यांवर पाहिजेत. बरगड्यांखाली खड्डा पडायला लागला तर वाट बघायची नाही, सरळ घेऊन यायचं."

मशीन घरी आणलं. घुर्रर्र आवाज झाला की अन्वी घाबरायची, मास्क ओढून काढायची, रडायची, आणि रडली की दम आणिक वाढायचा. गोष्टी सांगितल्या, बिस्किटं दिली, ह्यांनी ट्रॅक्टरचं स्टेअरिंग फिरवाय देतो म्हणून सांगितलं. काय बी उपयोग न्हाय. शेवटी आत्याबाईनी मालिका लावली. पोर गप. डोळं टीव्हीला, तोंडाला मास्क, आणि वाफ छातीत. फक्त एक, आजारी असली की तिला मांडी माझीच लागती. आज्जीची चालत न्हाय.

मग आम्ही असं बसाय लागलो. अन्वी माझ्या मांडीवर, माझ्या तोंडावर पदर, आणि समोर आत्याबाई. "तू डोळं मीट. बरगड्या मी बघती."

पदराच्या आत अंधार, मशीनची घुरघुर. सासू आली असं आवाजावरनं कळायचं आणि मी म्हणायची, "आत्याबाई, बरगड्या!"

"बघतीया गं... अगं ए भवाने, सोड ते ब्लाउज, शेजारणीचं हाय ते..."

"आत्याबाई!"

"बघतीया म्हटलं न्हवं!"

मला हसू यायचं आणि त्याच्या मागनं भीती. नेहमी त्याच क्रमानं.

काल आत्याबाई नि मामंजी, भावकीत एक म्हातारी वारली, तिकडं गेले. हे ट्रॉली घेऊन कारखान्यावर नंबराला लागलेले. सांज झाली, पाचटाचा धूर खाली उतरला, आणि अन्वीची छाती वाजाय लागली. घरात मी आणि ती. मशीन लावलं, मास्क लावला, तिनं हात झटकला, रडं सुरू. मी टीव्ही लावला. तिला मांडीवर घेतलं आणि पदर वढाय गेले, तर ध्यानात आलं, बरगड्या कोण बघणार?

पदर सोडला. मान खाली घातली, तिचा झगा वर केला आणि बरगड्यांवर डोळं लावलं. आत जातीय, बाहीर येतीय. खड्डा पडतोय का? न्हाय. पडला का? न्हाय. समोर निळा उजेड हलत हुता, तो तिच्या पोटावर पडत हुता, पर मी मान वर केली न्हाय.

तिची गार बोटं माझ्या हनवटीला लागली. "आई... बघ की... सासू आली."

"तू बघ. मी न्हाय बघत."

"का?"

काय सांगू? तुझ्यासाठी म्हणू? एवढ्याशा जिवाच्या डोक्यावर ते कशाला द्यायचं? म्हटलं, "मी तुला बघतीया."

तिनं मास्कातनं माझ्याकडं बघितलं. चिडली हुती. "मला... काय बघतीस? मी... हितंच हाय की."

मला ती पेटी आठवली. काचेच्या बाहीर उभी राहून मी जे बघत हुते ते अजून बघतच हुते. तेवढ्या वर्षात पोर मोठी झाली, भांडाय लागली, माझी हनवटी धरून मला वर बघ म्हणाय लागली, आणि मी आपली काचेच्या बाहीरच. मी तळवा तिच्या बरगड्यांवर ठेवला, पुरा पसरून. हातालाच सगळं कळत हुतं. आत, बाहीर.  मनात म्हटलं, आई अंबाबाई, काय करायचं ते मला कर, आणि मान वर केली.

मास्तर खरंच म्हातारा झालाय. सासूचं केस पिकल्यात, पर ब्लाउज अजून अंगाला बरोब्बर बसतंय. त्यांच्यामधी एक चांगली जाडजूड बाई, कंबरेवर हात ठेवून, केसात हे एवढं फूल. मी तिला कधीच बघितली न्हवती.

"ही कोण गं?" मी विचारलं.

अन्वीनं मास्क हातानं खाली केला, मला एवढं सुद्धा ठाव न्हाय म्हणून कपाळाला आठ्या घातल्या, आणि म्हणाली, "अगं ही शेजारची काकू हाय, ती नाकातनं बोलती आणि मास्तरकडनं रोज नवीन ब्लाउज शिवून घेती, पण सासू आधीच घालून बसती, म्हणून आता तिनं सासूच्याच मापाचं व्हायचं म्हणून रोज तूप-भात खाल्लाय."

माझा तळवा तिच्या छातीवर हुता. मधी ती कुठंच थांबली न्हाय.